चार रुपयांचा उतार : एका जवाहिऱ्याने पाहिलेले नांदेड

१/
एखाद्या नगरीविषयी प्रवाशाने लिहिलेल्या दोनच वाक्यांतून किती इतिहास वाचता येतो? सतराव्या शतकाच्या मध्यावर झां-बाप्तिस्त टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना नांदेडवरून गेला. आपल्या ग्रंथात त्याने या नगरीविषयी एवढेच नोंदवले, की येथे गंगेला मिळणारी एक नदी उतरावी लागते, प्रत्येक गाडीमागे चार रुपये भरावे लागतात आणि सुभेदाराचा लेखी परवाना जवळ असावा लागतो. ना मंदिराचा उल्लेख, ना मशिदीचा, ना बाजारपेठेचा. आजचा हा दीर्घ धागा त्या दोन वाक्यांचा अर्थ लावण्यासाठी.

२/
प्रथम प्रवाशाची ओळख. टॅव्हर्नियेचा जन्म १६०५चा, पॅरिसमधला. व्यापारासाठी त्याने पूर्वेकडे सहा प्रवास केले आणि १६७६मध्ये त्या प्रवासांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हिंदुस्थानातून नेलेला एक मोठा निळा हिरा त्याने फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला विकला. आज ‘होप’ या नावाने ओळखला जाणारा जगप्रसिद्ध हिरा त्याच हिऱ्यातून घडला. तेव्हा हा मनुष्य यात्रेकरू नव्हता, पंडितही नव्हता. तो व्यापारी होता आणि वाटेवरच्या प्रत्येक गावाकडे व्यापाऱ्याच्याच नजरेने पाहत होता. मुक्काम कोणता, पुढचे गाव किती कोसांवर, जकात किती, अडवणारा अधिकारी कोण, हे त्याचे प्रश्न होते.

३/
आता वाट पाहू. सुरतेहून नवापूर, पिंपळनेरमार्गे घाट चढून दौलताबाद, तेथून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), मग आग्नेयेकडे वळून नांदेड आणि पुढे गोवळकोंडा. पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वांत मोठे बंदर आणि जगाला हिरे पुरवणारी राजधानी यांना जोडणारी ही वाट होती. नकाशा उघडून पाहा. औरंगाबाद आणि हैदराबाद यांच्या जवळजवळ मध्यावर नांदेड येते, आणि औरंगाबादकडून दक्षिणेस निघालेल्या या वाटेला येथे गोदावरी आडवी जाते. नांदेडचे ऐतिहासिक महत्त्व या एका भौगोलिक वस्तुस्थितीतून सुरू होते.

४/
टॅव्हर्निये गावाचे नाव ‘नादूर’ असे लिहितो आणि येथील नदी गंगेला मिळते असे सांगतो. भूगोलाच्या दृष्टीने हे विधान चुकीचे आहे, हे शाळकरी मूलही सांगेल. गोदावरी पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. परंतु मराठवाड्यातल्या माणसाला ही चूक ऐकून हसू येण्याआधी एक गोष्ट आठवेल. गोदाकाठची माणसे आजही नदीला ‘गंगा’च म्हणतात. नदीकाठचा प्रदेश तो ‘गंगथडी’, आणि नांदेडच्या वरच्या अंगाला परभणी जिल्ह्यात नदीवर वसलेले गाव ते ‘गंगाखेड’. परक्या प्रवाशाने नावाड्याला किंवा गाडीवानाला नदीचे नाव विचारले असेल, तर उत्तर काय मिळाले असेल याची कल्पना करणे अवघड नाही. त्याच्या चुकीत बहुधा गोदाकाठचा लोकव्यवहारच उमटला आहे.

५/
नदी उतरणे म्हणजे काय, हे पुलांच्या युगात जन्मलेल्या आपल्याला सहज उमगत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बैलगाड्या उतारावरून पलीकडे जात. पावसाळ्यात मात्र तीच नदी आठवडेच्या आठवडे वाट अडवून धरी. मग होड्या आणि तराफे यांचा आधार. माल उतरवायचा, पलीकडे न्यायचा, बैल पोहवत न्यायचे आणि पुन्हा गाड्या भरायच्या. अशा वेळी व्यापारी, सैनिक, यात्रेकरू सारेच काठावर थांबून राहत. थांबलेल्या माणसाला धान्य लागते, वैरण लागते, लोहार लागतो, सावकार लागतो. नदीच्या उतारापाशी पेठ वाढते ती अशी.

६/
उताराचे लष्करी मोल समजून घ्यायचे असेल, तर याच गोदावरीवर नांदेडच्या बरेच वर, आजच्या बीड जिल्ह्यात, राक्षसभुवन येथे काय घडले ते पाहा. १० ऑगस्ट १७६३. निजाम अलीच्या सैन्याचा एक भाग नदी उतरून पलीकडे गेला होता, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या तीरावर होता. पेशव्यांच्या सैन्याने नेमकी हीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि निजामाला पलीकडच्या तीरावरून तो पराभव पाहण्यापलीकडे फारसे काही करता आले नाही. ज्याच्या हाती उतार, त्याच्या हाती वाट, हा दख्खनच्या राजकारणातला जुना धडा आहे.

७/
आता ते चार रुपये. ही रक्कम मोठी की छोटी? उत्तर टॅव्हर्नियेच्याच ग्रंथात सापडते. प्रवासात सोबतीला ठेवायच्या हत्यारबंद शिपायांचे वेतन तो महिन्याला सुमारे चार रुपये सांगतो; प्रवास लांबचा असेल तर पाच. म्हणजे नांदेडच्या काठावर एका गाडीमागे द्यावी लागणारी रक्कम एका शिपायाच्या महिनाभराच्या पगाराएवढी होती! दहा गाड्यांचा काफिला असेल, तर दहा शिपायांचा महिना नदीकाठीच खर्ची पडे. व्यापाऱ्याने मंदिराऐवजी जकातीची नोंद का केली, हे आता ध्यानात यावे.

८/
पैसे भरले तरी काम भागत नव्हते; वर सुभेदाराचा परवानाही हवा होता. हा सुभेदार नांदेडला कसा? येथे बहुतेकांना ठाऊक नसलेला तपशील येतो. १६३६मध्ये निजामशाहीचा शेवट झाल्यावर शहाजहानने दख्खनचा कारभार आपला तरुण पुत्र औरंगजेब याच्याकडे सोपवला. त्या वेळी मोगलांच्या दख्खनमध्ये चार सुभे होते : दौलताबाद, खानदेश, वऱ्हाड आणि तेलंगण. यांपैकी तेलंगण सुभ्याचे मुख्य ठाणे होते नांदेड, आणि त्याचा प्रमुख किल्ला होता कंधार.

९/
पुन्हा एकदा वाचा. ‘तेलंगण’ नावाच्या सुभ्याची राजधानी नांदेड. आजच्या राज्यांच्या सीमा डोळ्यांसमोर ठेवून इतिहास वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल. मात्र देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही, कारण तेथे मराठी आणि तेलुगू एकाच बाजारात, कित्येकदा एकाच घरात बोलल्या जातात. नांदेडपासून गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीची सरहद्द दूर नव्हती. मोगल मुलखातून परक्या राज्यात माल जाण्यापूर्वीचे हे महत्त्वाचे सरकारी ठाणे. परवाना हवा होता तो त्यासाठी. पुढे १६५७मध्ये मोगलांनी बीदर जिंकले, हा मुलूख बीदरच्या सुभ्यात सामावला आणि नांदेडचे राजधानीपण सरले. उतार मात्र तेथेच राहिला.

१०/
या वाटांवर आणखी एक जग फिरत होते आणि टॅव्हर्नियेने त्याचे वर्णन मात्र तपशिलाने केले आहे. ते म्हणजे बंजाऱ्यांचे तांडे. दहा-बारा हजार बैल एकाच वेळी धान्य, तांदूळ, मीठ वाहून नेत आहेत, वाट अरुंद असेल तर समोरून येणाऱ्या प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावे लागत आहे, असे चित्र तो उभे करतो. बायका-मुलांसह तंबूंत राहणाऱ्या या लोकांच्या चार जमाती असून कोणी धान्य, कोणी तांदूळ, कोणी डाळी, तर कोणी मीठ वाहते, असेही तो सांगतो. आज किनवट, माहूर, मुखेड, कंधार या तालुक्यांत फिरताना गावागणिक एखादा तांडा लागतो. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर ज्यांची वाहतूक बंद पडली, त्या वाहकांचे हे वंशज. दख्खनच्या फौजांना आणि शहरांना अन्न पुरवणारी व्यवस्था या समाजाच्या बैलांवर उभी होती.

११/
टॅव्हर्नियेने न लिहिलेलेही पाहायला हवे. तो आला तेव्हा ही नगरी फार जुनी होती. वाशिम येथे सापडलेल्या वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या चौथ्या शतकातील ताम्रपटात ‘नंदिकड’ या प्रदेशाच्या उत्तर मार्गातील एका गावाचे दान नोंदलेले आहे. नंदिकड म्हणजेच नांदेड, असे अभ्यासक मानतात. त्या लेखातील ‘मार्ग’ हा प्रशासकीय विभागाचा वाचक शब्द आहे. पण वाटेवर वसलेल्या नगरीचा हा प्राचीन लेख ‘मार्ग’ याच शब्दाने बोलावा, हा योगायोग मोठा सुंदर आहे. येथे विणल्या जाणाऱ्या तलम मलमलीचीही एके काळी ख्याती होती. हिऱ्यांच्या ओढीने निघालेल्या जवाहिऱ्याने तिचीही दखल घेतलेली नाही.

१२/
येथे एक पद्धतीची गोष्ट, विशेषतः इतिहासाचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्या मित्रांसाठी. प्रवासवृत्त वाचताना प्रवाशाने काय पाहिले, याबरोबरच तो कशासाठी निघाला होता, हे विचारावे. हेतू कळला की त्याच्या मौनाचाही अर्थ लागतो. टॅव्हर्नियेचे नांदेड हा एक अडथळा आहे, कारण त्याचे मन गोवळकोंड्यात आहे. त्याच्या दोन वाक्यांवरून नांदेड क्षुद्र होते असा निष्कर्ष काढणारा फसेल. क्षुद्र गावाच्या काठावर महिन्याच्या पगाराएवढी जकात कोणी भरत नाही.

१३/
आता पन्नासएक वर्षे पुढे येऊ. १७०७मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला. वारसायुद्ध जिंकून बहादूरशाह गादीवर आला, पण धाकटा भाऊ कामबक्ष दख्खनमध्ये स्वतःला बादशाह म्हणवून बसला होता. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी बादशाही छावणी राजपुतान्याहून बऱ्हाणपूरमार्गे दक्षिणेकडे सरकली. १७०८चा पावसाळा सरत असताना ती नांदेड परिसरात गोदाकाठी होती. हैदराबादकडे जायचे, तर पुन्हा हीच नदी उतरणे आले. या छावणीसोबत काही शस्त्रधारी अनुयायांसह एक असामान्य प्रवासी होता. तो म्हणजे शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंगजी.

१४/
ते बादशाहासोबत का आले, याविषयी इतिहासकारांत चर्चा आहे. सरहिंदचा फौजदार वजीरखान याने त्यांच्या दोन लहान मुलांची हत्या करवली होती. त्याविरुद्ध न्याय मिळावा, ही अपेक्षा या सहवासामागे होती, असे अनेकांचे मत आहे. न्याय मिळाला नाही. नांदेडच्या गोदाकाठी मात्र त्यांना माधोदास नावाचा एक बैरागी भेटला. उत्तरेत जन्मलेला हा साधू येथे आश्रम करून राहिला होता. सप्टेंबर १७०८मध्ये झालेल्या या भेटीने त्याचे आयुष्य पालटले. माधोदासाचा बंदासिंग बहादूर झाला.

१५/
या भेटीचा परिणाम हजार मैलांवर पंजाबात उमटला. गुरूंचा आदेश घेऊन बंदासिंग उत्तरेकडे निघाला. मे १७१०मध्ये त्याने वजीरखानाचा पराभव करून सरहिंद घेतले, गुरूंच्या नावे नाणी पाडली, आणि सहा वर्षांनी, जून १७१६मध्ये, दिल्लीत हालहाल करून त्याला ठार मारण्यात आले. पंजाबच्या इतिहासातील हे पर्व गोदावरीच्या काठावर सुरू झाले, ही गोष्ट मराठवाड्यातल्या किती शाळांत सांगितली जाते?

१६/
दरम्यान नांदेडमध्ये गुरू गोविंदसिंगजींवर एका पठाणाने खंजिराने वार केला. शीख परंपरा या हल्ल्यामागे वजीरखानाचा हात असल्याचे सांगते. जखम काहीशी भरून आली, पुन्हा उघडली, आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यापूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा समाप्त करून ग्रंथसाहिबालाच गुरुपद दिले. या मृत्यूची दखल दरबाराशी संबंधित खाफीखान यानेही आपल्या इतिहासग्रंथात घेतली आहे. त्यांच्या मालमत्तेचे काय करावे, असा प्रश्न दरबारात निघाला. तेव्हा दरवेशाच्या संपत्तीची खजिन्याला गरज नाही, ती वारसांना द्यावी, असा हुकूम बादशाहाने दिल्याची नोंद दरबारी अखबारांत आढळते.

१७/
बादशाही छावणी पुढे निघून गेली. जानेवारी १७०९मध्ये हैदराबादेजवळ कामबक्ष पराभूत होऊन मरण पावला. बहादूरशाहासाठी नांदेड हे टॅव्हर्नियेप्रमाणेच वाटेतले ठाणे होते. तो नदी उतरून गेला आणि नांदेडच्या स्मृतीतही दुय्यम झाला. जो नदीच्या अलीकडेच राहिला, त्याच्यामुळे नगरीला नवे नाव मिळाले : हुजूर साहिब, अबचलनगर. ‘अबचल’ म्हणजे अविचल, न ढळणारे. शतकानुशतके ये-जा पाहिलेल्या उताराच्या गावाला ‘न ढळणारे नगर’ म्हणावे, यात या नगरीच्या इतिहासाचे सार आहे.

१८/
गोदाकाठी हिराघाट नावाचे स्थान आहे. परंपरा अशी, की बहादूरशाहाने गुरूंना एक अमूल्य हिरा भेट दिला आणि गुरूंनी तो नदीत फेकून दिला. बादशाह नाराज झाला, तेव्हा त्याला पाण्यात पाहायला सांगितले, तर तेथे हिऱ्यांची रास दिसली. नगीनाघाटाचीही अशीच एक कथा आहे. ही आख्यायिका आहे, कागदोपत्री पुरावा नव्हे. तरीही ती कोठे जन्मली याचा विचार करा. ज्या उतारावरून पिढ्यान्‌पिढ्या जवाहिरे गोवळकोंड्याच्या खाणींकडे ये-जा करत होते, त्याच नदीकाठी हिरा पाण्यात फेकून देणाऱ्या संताची कथा सांगितली गेली. लोकस्मृतीने टॅव्हर्नियेच्या वाटेला दिलेले हे उत्तरच म्हणावे लागेल.

१९/
नांदेडची ही नवी ओळख टिकली ती दोन दूरच्या सत्तांच्या आधाराने. महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात येथील सचखंडाची वास्तू उभारली. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि तेथील कारभारी महाराजा चंदूलाल हे पंजाबी खत्री घराण्यातले. त्यांच्या काळात पंजाबातून शीख सैनिकांची एक फौज हैदराबादच्या चाकरीत आली. ती ‘लाहोरी फौज’ म्हणून ओळखली गेली. दख्खनमध्ये रुजलेल्या शीख घराण्यांचा इतिहास या सैनिकांपर्यंत आणि सचखंडाच्या सेवेकऱ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच नांदेडात अस्खलित मराठी बोलणारा, हैदराबादी उर्दूत थट्टा करणारा आणि गुरुमुखीतून पाठ वाचणारा शीख तरुण भेटतो.

२०/
शिखांच्या पाच तख्तांपैकी दोन पंजाबबाहेर आहेत : पाटणा आणि नांदेड. नांदेडच्या तख्ताने स्वतःचे काही वेगळे आचार जपले आहेत. दररोज गोदावरीचे पाणी घागरीतून सचखंडात नेले जाते. दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या ‘तख्तस्नाना’त भाविक नदीवरून पाणी आणतात, वास्तू आणि ऐतिहासिक शस्त्रे धुतली जातात. दसऱ्याला आणि होळीनंतर ‘हल्लाबोल’ची मिरवणूक निघते. पंजाबच्या पाच नद्यांच्या प्रदेशातून आलेल्या परंपरेने येथे सहावी नदी आपली मानली.

२१/
मग उताराचे काय झाले? विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग आला. तो नांदेडला आला, पण त्याने नांदेडला नदी ओलांडली नाही. मुदखेड, धर्माबादवरून जाऊन तो बासरपाशी गोदावरी पार करतो. एका फटक्यात शतकानुशतकांचा उतार कालबाह्य झाला. केवळ उतारावर जगणारे गाव अशा वेळी ओस पडते. नांदेड मात्र तोवर वाट सोडून मुक्कामाचे गाव झाले होते. आज स्थानकाचे नावच ‘हुजूर साहिब नांदेड’ आहे आणि अमृतसरहून येणारी सचखंड एक्सप्रेस येथे येऊन थांबते. पुढे जात नाही.

२२/
आजचा प्रवासी टॅव्हर्नियेच्या उलट वागतो. तो सचखंडाचे दर्शन घेतो, लंगरमध्ये जेवतो, छायाचित्रे काढतो आणि नदी न पाहताच परततो. २००८मध्ये गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त शहराचा कायापालट झाला, रस्ते आणि घाट बांधले गेले. परंतु ज्या पाण्यामुळे हे सारे येथे घडले, त्या गोदावरीत शहराचे सांडपाणी मिसळते, आणि काठावरचा जुना नंदगिरी किल्ला बहुतेकांच्या यादीत नसतो. स्मारके दुरुस्त करता येतात. नदी मात्र गटार झाली, तर घागर कोठे भरायची, असा प्रश्न उद्या सचखंडालाही पडेल आणि गंगथडीच्या शेतकऱ्यालाही.

२३/
म्हणून नांदेडला जाल तेव्हा क्रम उलटा ठेवा. आधी गोदाकाठी जा. घाटावर उभे राहून पलीकडचा तीर किती दूर आहे ते पाहा. बैल पोहवत नेणारे गाडीवान, परवान्यासाठी ताटकळणारे व्यापारी, मिठाच्या गोण्या सांभाळणारे तांडे, बादशाही हत्ती यांची मनात जुळणी करा. मग किल्ल्याचे बुरूज पाहा आणि त्यानंतर सचखंडाकडे वळा. वास्तूचे सौंदर्य तेच राहील, पण ती याच जागी का आहे, हे तुमचे तुम्हाला कळेल.

२४/
टॅव्हर्नियेला नांदेडने चार रुपये भरायला लावले आणि त्याने ते इतके मनावर घेतले, की ग्रंथात लिहून ठेवले. आपण त्याचे आभार मानायला हवेत. त्याच्या त्या तक्रारवजा नोंदीमुळे एक नदी, एक सुभा, एक जकातनाका आणि एक हरवलेली वाट आपल्या हाती राहिली. तुमच्या गावाजवळच्या नदीवरही असा एखादा जुना उतार असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्याचे नाव लिहून घ्या आणि या धाग्याखाली जोडा. पूल झाल्यावर सर्वांत आधी विसरली जाते ती उताराची जागा.